सरासरीत न दिसणारी मुलं

(धामापूर, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग इथे तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण)



मला दिलेला विषय ऐकायला जड आहे : 'शिक्षणातलं संशोधन आणि तरुणांमधली विषमता'. संशोधन म्हटलं की आपल्याला विद्यापीठ, जाडजूड प्रबंध आणि चष्मा लावलेले प्राध्यापक आठवतात. आज मी तेवढंच सांगणार आहे की या विषयाचा संबंध तुमच्या वाडीशी, मोहल्ल्याशी आणि तुमच्या शेजारच्या घरातल्या मुलाशी आहे.

सुरुवात आपल्या सगळ्यांना आवडणाऱ्या गोष्टीपासून करू. दहावीचा निकाल लागला की कोकणात पेढे वाटले जातात. राज्य मंडळाच्या कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे येतात. या विभागाचा दहावीचा निकाल २०२३ साली ९८.११ टक्के लागला, २०२४ साली ९९.०१ टक्के आणि २०२५ साली ९८.८२ टक्के. २०२५ मध्ये राज्याचा निकाल होता ९४.१० टक्के. दरवर्षी वर्तमानपत्रात मथळा ठरलेला असतो : कोकण अव्वल.

याचा अभिमान वाटायलाच हवा. इथल्या शिक्षकांनी, आईबापांनी आणि मुलांनी ते कमावलं आहे. पण संशोधक तोच आकडा हातात घेऊन एक साधा प्रश्न विचारतो : हे टक्के कशाचे? उत्तर असं की परीक्षेला बसलेल्या मुलांचे. जो मुलगा आठवीत शाळा सोडून मासळीच्या होडीवर गेला, गॅरेजमध्ये गेला, ज्या मुलीची शाळा लांब पडते म्हणून सातवीनंतर बंद झाली, ती मुलं या टक्क्यांत नाहीत. ती नापास झालेली नाहीत. ती मोजलीच गेलेली नाहीत.

तुम्ही बसला आहात तिथून धामापूरचा तलाव जवळ आहे. १५३० सालचा हा तलाव आहे, आणि २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. या तलावाची सरासरी खोली सांगून कोणी तुम्हाला पाण्यात उतरायला सांगितलं, तर तुम्ही उतराल का? तुम्ही आधी विचाराल, मी उभा आहे तिथे पाणी किती आहे? शिक्षणातलं चांगलं संशोधन हाच प्रश्न विचारतं. सरासरी बाजूला ठेवतं आणि विचारतं, कोणाच्या पायाखाली जमीन आहे आणि कोणाच्या नाही.

आकडा फोडल्यावर काय दिसतं

याचं महाराष्ट्रातलंच एक उदाहरण बघा. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि राज्यातल्या मुस्लिमांची ७८.१ टक्के. म्हणजे आपण सरासरीच्या पुढे! हा आकडा दाखवून कोणीही म्हणू शकतो की महाराष्ट्रातल्या मुस्लिमांचा शिक्षणाचा प्रश्न सुटलेला आहे.

आता तो फोडून बघू. महाराष्ट्रातले सुमारे सत्तर टक्के मुस्लीम शहरात राहतात. राज्याच्या एकूण लोकसंख्येत हे प्रमाण खूपच कमी आहे. शहरात शाळा जवळ असते, त्यामुळे साक्षरता जास्त असते. म्हणजे आपण पुढे दिसतो ते बऱ्याच अंशी शहरात राहतो म्हणून. शहराची तुलना शहराशी केली की मुस्लीम मागे पडलेले दिसतात. आणि साक्षरतेच्या पायरीवरून जसजसं वर जावं, दहावी, बारावी, पदवी, तसतसं हे अंतर वाढत जातं. आकडा खोटा नव्हता. त्याला पुढचा प्रश्न विचारला गेला नव्हता.

असा पुढचा प्रश्न विचारण्याचं काम देशाच्या पातळीवर सच्चर समितीनं केलं. मार्च २००५ मध्ये ती नेमली गेली, नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल संसदेत ठेवला गेला. त्यातल्या दोन गोष्टी तुम्ही पाठ करून ठेवाव्यात असं मला वाटतं. पहिली : सहा ते चौदा वयाच्या मुस्लीम मुलांपैकी पंचवीस टक्के मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. दुसरी : शाळेच्या वयाच्या मुस्लीम मुलांपैकी मदरशात शिकणारी मुलं जेमतेम तीन-चार टक्के होती.

ही दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. 'मुस्लिमांची मुलं मदरशात जातात म्हणून मागे राहतात' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! आपल्यातलेही कित्येक जण ते मान्य करून बसले होते. मोजल्यावर कळलं की प्रश्न मदरशाचा नाही. प्रश्न जवळ नसलेल्या सरकारी शाळेचा आहे, गरिबीचा आहे, शिकून नोकरी मिळेल या विश्वासाच्या अभावाचा आहे. दोष कुठे आहे हे चुकीचं ठरलं की उपायही चुकीचा होतो. संशोधनाचा पहिला उपयोग हा असतो. ते आपल्याविषयीचे गैरसमज मोडतं आणि आपले स्वतःचेही मोडतं.

ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात त्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. म्हणून त्यांनी मागणी केली की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पैसा कोणाचा आणि शिकतो कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला. शिक्षणातल्या विषमतेचा अभ्यास आजही याच प्रश्नाभोवती फिरतो.

मोजल्यानं बदल होतो का?

तुम्ही म्हणाल, मोजून होतं काय? अहवाल येतात आणि कपाटात जातात. रास्त शंका आहे. म्हणून मुंबईचं एक उदाहरण सांगतो.

नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. महापालिकेच्या शाळांमध्ये मुलं येत होती, पण तिसरी-चौथीतल्या बऱ्याच मुलांना पहिलीचंही वाचता येत नव्हतं. शिक्षक पुस्तक पुढे नेत होते आणि ही मुलं मागेच राहत होती. मग वस्तीतल्याच दहावी-बारावी झालेल्या तरुण मुलींना थोडं प्रशिक्षण देऊन 'बालसखी' म्हणून नेमलं गेलं. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन त्या रोज दोन तास बसायच्या आणि त्यांना जिथे अडलं तिथून शिकवायच्या.

याचा खरंच उपयोग होतो का, हे अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदरा इथे तपासलं. काही शाळांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीनं बालसखी दिली, काहींना दिली नाही, आणि दोन्हीकडच्या मुलांची चाचणी घेतली. ज्या शाळांत बालसखी होती तिथल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो सर्वांत मागे असलेल्या मुलांना. आणखी एक गोष्ट कळली. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, पण तिथे उरलेल्या मुलांना त्याचा विशेष फायदा झाला नाही. म्हणजे नुसता पट कमी करून भागत नाही, मूल जिथे आहे तिथून शिकवावं लागतं. आणि तिसरी गोष्टही त्यांनी लपवली नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं पाहिलं तर मिळालेला फायदा बराच ओसरला होता. म्हणजे हे काम एकदा करून सोडून देण्याचं नाही.

या अभ्यासाचा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारच्या कामासाठी. मुंबईच्या वस्तीत तपासलेली ही पद्धत आज आफ्रिकेतल्या देशांत वापरली जाते. मला यात सर्वांत मोलाचं काय वाटतं ते सांगतो. उपाय बाहेरून आलेला नव्हता. तो वस्तीतल्या बारावी झालेल्या मुलीच्या हातात होता. संशोधनानं फक्त एवढं सिद्ध करून दाखवलं की हिच्या हाताला यश आहे. इथे समोर बसलेल्या कित्येक मुली आजच बालसखी होऊ शकतात.

अहवाल एकटा लढू शकत नाही

आता दुसरी बाजू. महाराष्ट्र सरकारनं २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं राज्यातल्या मुस्लिमांच्या शिक्षणाचा आणि आर्थिक स्थितीचा अभ्यास करून २०१३ मध्ये अहवाल दिला. २०१४ च्या जुलैमध्ये तेव्हाच्या सरकारनं अध्यादेश काढून मुस्लिमांमधल्या मागास गटांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण दिलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयानं नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं पाच टक्के आरक्षण चालू ठेवायला परवानगी दिली.

का दिली? कारण मुलं शिक्षणात मागे आहेत, हे दाखवणारी अभ्यासातली माहिती न्यायालयासमोर होती. भाषणांनी आणि मोर्चांनी जे जमलं नसतं ते कागदावरच्या आकड्यांनी जमवलं.

आणि पुढे काय झालं? तोपर्यंत सरकार बदललं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये अध्यादेशाची मुदत संपली, त्याचा कायदा झाला नाही. न्यायालयात टिकलेली गोष्ट विधिमंडळात आलीच नाही.

यातून दोन धडे घ्यायचे. आकडे नसतील तर न्यायालयात तुमचं कोणी ऐकणार नाही. आणि आकडे असूनही त्यामागे जागरूक समाज उभा नसेल, तर ते आकडे तसेच पडून राहतील.

शिष्यवृत्तीचंच बघा. सच्चर अहवालानंतर अल्पसंख्याक मुलांसाठी मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती सुरू झाली. २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती बंद झाली, फक्त नववी-दहावीसाठी ठेवली गेली. त्याच वर्षी संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. एकीकडे खालची पायरी अरुंद झाली, दुसरीकडे वर पोचून आपल्या समाजाचा अभ्यास करू शकणाऱ्यांची वाटही अरुंद झाली. शिष्यवृत्ती बंद झाल्यावर तुमच्या गावातल्या किती मुलांवर परिणाम झाला? कोणी शाळा सोडली का? कोणाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च कोणी उचलला? तुमच्यापैकी कोणाकडे याचं उत्तर आहे? हे मी तुम्हाला दोष देण्यासाठी विचारत नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडेच नाही, तो प्रश्न सरकारला विचारताना आपला आवाज लटका पडतो.

मोठ्या पाहणीत आपण का दिसत नाही

आता सिंधुदुर्गाकडे येऊ. या जिल्ह्यात मुस्लिमांचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. एवढ्या लहान समाजाची एक वेगळीच अडचण असते.

'असर' या पाहणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००५ पासून ती खेड्यापाड्यांत होते. स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात. या पाहणीनंच देशाला दाखवलं की जवळजवळ सगळी मुलं शाळेत असली तरी पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही. २०२४ मध्ये पाचवीतली ४८.८ टक्के मुलं तो वाचू शकली. फार मोलाचं काम आहे. अशा पाहणीत एका जिल्ह्यातली तीस गावं आणि प्रत्येक गावातली वीस घरं घेतली जातात, म्हणजे जिल्ह्यात सहाशे घरं.

आता सोपं गणित करा. सहाशे घरांत शंभरी तीन म्हणजे मुस्लीम घरं किती? अठरा. शिवाय आपली वस्ती जिल्हाभर सारखी पसरलेली नाही, काही गावांत एकवटलेली आहे. त्या गावांपैकी एकही निवडलं गेलं नाही तर एकही घर येणार नाही. अठरा घरांवरून कुठलाही प्रामाणिक संशोधक निष्कर्ष काढणार नाही. यात कोणाचा कट नाही, ते संख्याशास्त्र आहे. पण परिणाम असा की राज्याच्या अहवालात आपण मुंबई, भिवंडी, मालेगावच्या मुस्लिमांमध्ये मिसळून जातो, आणि जिल्ह्याच्या अहवालात अव्वल कोकणात मिसळून जातो. मालवण किनाऱ्यावरचा मुस्लीम मुलगा दोन्हीकडे दिसत नाही.

हीच गत धनगरवाडीतल्या मुलाची आहे, लहानशा बौद्धवाडीतल्या मुलीची आहे, गाबीत मच्छीमाराच्या मुलाची आहे. जे थोडे आहेत आणि विखुरलेले आहेत, ते मोठ्या पाहणीच्या जाळ्यातून निसटतात. म्हणून जिथे मोठी पाहणी पोचत नाही, तिथे आपल्याला स्वतः मोजावं लागतं. माझ्या आजच्या बोलण्याचं सार हेच आहे.

आपण काय मोजायचं

हे काम अवघड नाही. चौदा ते वीस वयाच्या प्रत्येक मुला-मुलीविषयी पाच प्रश्न पुरेत. शेवटची इयत्ता कोणती झाली? शाळा सोडली असेल तर कोणत्या वर्षी आणि का? शिक्षणाचं माध्यम कोणतं होतं, मराठी, उर्दू की इंग्रजी? शाळा किंवा कॉलेज किती लांब आहे आणि जायचं कसं? आणि आज ती व्यक्ती काय करते?

पाच प्रश्नांतून किती गोष्टी उलगडतील बघा. माध्यमाचंच घ्या. उर्दू की मराठी हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या अस्मितेच्या अंगानं लढतो आहोत. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले हमीद दलवाई यांनी मुस्लीम मुलांनी प्रादेशिक भाषेतून शिकावं असा आग्रह धरला, दुसऱ्या बाजूनं उर्दू ही आपली तहजीब आहे असं म्हटलं गेलं. त्या वादात एक प्रश्न मागे राहतो. आपल्या गावातली मराठी शाळेतली मुलं आणि उर्दू शाळेतली मुलं अठराव्या वर्षी कुठे पोचली? घरी कोकणी बोली, शाळेत उर्दू किंवा मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी, यात मूल नेमकं कुठे अडखळतं? हे मोजलं तर वाद संपणार नाही, पण तो मुलांच्या हिताचा होईल.

मुलग्यांचंही बघा. देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या मुस्लीम विद्यार्थ्यांमध्ये आता जवळपास निम्म्या मुली आहेत. मुलींनी ही मजल मारली याचा आनंद आहे. पण मुलगे कुठे अडकले? आखाती देशात जाण्यासाठी बारावी कशाला, असं तर त्यांना वाटत नाही ना? तिथे कुशल आणि अकुशल कामगाराच्या पगारात किती फरक असतो, हे त्यांना दहावीत कोणी सांगितलं होतं का?

अंतराचा प्रश्न तर आज ऐरणीवर आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची चर्चा झाली, तेव्हा अशा शाळा १४ हजारांहून अधिक आणि त्यांत शिकणारी मुलं सुमारे १ लाख ८५ हजार असल्याचं पुढे आलं. त्यांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार मांडला गेला. डोंगर, वहाळ आणि विखुरलेल्या वाड्यांच्या आपल्या जिल्ह्यात अशा शाळा भरपूर आहेत. शाळा एकत्र करणं कागदावर काटकसरीचं दिसतं. पण पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काचा नियम सांगतो. शाळा लांब गेली की सर्वांत आधी कोणाची शाळा सुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण कॉलेज सुटल्यावर गाडीच दोन तासांनी असेल तर त्या पासचा उपयोग किती? 'गावातल्या अमुक मुलींचं शिक्षण या एका गाडीमुळे थांबलं' असा कागद घेऊन डेपोत गेलात, तर नुसत्या तक्रारीपेक्षा त्याला वजन येईल.

मोजताना काही पथ्यं पाळा. आपल्या वस्तीत कोणी कागद-पेन घेऊन आलं की लोकांच्या मनात आधी धास्ती येते. नाव कशाला हवं, कागदपत्रं दाखवावी लागतील का, असं विचारतात. त्या भीतीला कारणं आहेत, तिची चेष्टा करू नका. नाव लिहू नका, आधार क्रमांक मागू नका, फोटो काढू नका. माहिती कशासाठी हवी ते आधी सांगा आणि कोणी नको म्हटलं तर सलाम करून पुढे जा. मुलींशी मुलींनीच बोलावं. आणि जे सापडेल ते बाहेर नेण्याआधी त्याच घरांना सांगा. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांनाच निष्कर्ष कळत नाहीत, ही संशोधनातली जुनी बेपर्वाई आहे. आपण ती करायची नाही.

दुसरं पथ्य : फक्त मुस्लीम घरं मोजू नका. शेजारची वाडीही मोजा. तुलना केल्याशिवाय विषमता दिसत नाही, हे तर आहेच. पण शेजारच्या वाडीतल्या मुलालाही तीच एसटी चुकते, तेच गणित अडतं, हे कळलं की मागणी एकट्या मुस्लिमांची राहत नाही, गावाची होते. आणि आपलंच एखादं गृहीत चुकीचं निघालं, समजा मुली सरकारी अनास्थेपेक्षा घरच्या विरोधामुळे अधिक थांबल्या असं दिसलं, तर तेही लिहा. स्वतःला गैरसोयीचं उत्तर लपवणारा अभ्यास कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

मग हा कागद न्यायचा कुठे? आधी शाळा व्यवस्थापन समितीत. कायद्यानं तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. तुमची आई, मावशी, खाला त्या समितीत बसू शकते. मग ग्रामसभेत. आणि मग राज्यापर्यंत. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन करायला राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला. अशा संस्थेनं कशाचं संशोधन करावं हे सांगायचा हक्क आपला आहे. पण तिच्यापुढे जाताना 'आमच्याकडे लक्ष द्या' एवढंच न म्हणता 'आम्ही चार गावं मोजली आहेत, आता तुम्ही जिल्हा मोजा' असं म्हणता आलं पाहिजे.

मे महिना या कामासाठी चांगला. चाकरमानी गावी आलेले असतात, आखातातले भाऊ सुट्टीवर असतात, कॉलेजची मुलं मोकळी असतात. एका वाडीला दोन जण, चार दुपारी, एक वही. आंबे-फणस चालू असतात, कोणी रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही.

पुढच्या वर्षी निकाल लागेल. पुन्हा मथळा येईल, कोकण अव्वल. त्या दिवशी आपण पेढा जरूर खाऊ. पण आपल्या वहीत त्याच बॅचची आणखी एक यादी असू द्या : पहिलीत बरोबर असलेली आणि दहावीच्या परीक्षेला न बसलेली किती मुलं, आणि त्यांच्यापैकी किती जणांना आपण सतरा नंबरचा फॉर्म भरून पुन्हा परीक्षेला बसवू शकतो. ती संख्या पाच निघाली तर पाच घरी जायचं आहे.